'इंटरनॅशनल' पाटी दिसली की यूएनच का? आंतरशासकीय संघटना ओळखायच्या कशा

टिळकवाडी_अभ्यासिका
स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये 'आंतरराष्ट्रीय संघटना' या एका मथळ्याखाली काय काय कोंबलेलं असतं बघा: रेड क्रॉस, युनिसेफ, जी-२०, इंटरपोल, जागतिक व्यापार संघटना, आयएसओ, सार्क. प्रकार विचारले की 'जागतिक आणि प्रादेशिक' एवढं लिहून पोरं मोकळी. त्यात चारचाकीच्या काचेवर 'इंटरनॅशनल ह्युमन राइट्स' अशी लाल पाटी दिसली की तीही यूएनची शाखा, असा समज. यातली सरकारांची संघटना कुठली, नुसती बैठक कुठली आणि खासगी संस्था कुठली, हे ओळखायची पक्की रीत कुणी सांगेल का? व्याख्या नको, ती सगळ्यांना पाठ आहे.

चिकोडीचा_मास्तर
रीत एकच. नाव झाकायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या.

जन्म कशातून झाला? आंतरशासकीय संघटना बहुतेक वेळा देशांनी आपसात केलेल्या करारातून जन्मते. करार म्हणजे नुसती सही नव्हे, मागाहून प्रत्येक देशाची मंजुरी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सॅन फ्रान्सिस्कोत २६ जून १९४५ ला सह्या झाल्या, पण सनद अमलात आली २४ ऑक्टोबरला. मधले चार महिने मंजुऱ्या गोळा होण्यात गेले. म्हणून यूएन दिन ऑक्टोबरात येतो.

सभासदाच्या खुर्चीत कोण बसतं? देश, म्हणजे सरकारने अधिकारपत्र देऊन पाठवलेला माणूस. व्यक्ती, कंपन्या, क्लब किंवा मंडळं बसत असतील तर ती बिगरसरकारी.

आणि घरदार आहे का? कायम सचिवालय, स्वतःचं बजेट, आणि सभासदांहून वेगळी कायदेशीर ओळख.

आता यादी तपासा. जी-२० ला सनद नाही, कायम सचिवालय नाही. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं आणि ज्याच्याकडे अध्यक्षपद तोच कागदपत्रं सांभाळतो. तो मंच झाला, संघटना नव्हे. क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) आणि अलिप्ततावादी चळवळ याच रांगेत. रेड क्रॉसची जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय समिती १८६३ ची, स्वित्झर्लंडच्या कायद्याखालची खासगी संस्था. तिला जिनिव्हा करारांनी कामं नेमून दिलीत म्हणून मान वेगळा आणि १९९० पासून यूएनच्या आमसभेत निरीक्षकाची जागाही आहे, पण सभासद देश तिला नाहीत.

काचेवरच्या पाटीचं सांगतो. अशी संस्था आपल्याकडे बहुतेक कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेली असते. त्या नोंदणीने बँकेत खातं उघडता येतं, वर्गणी घेता येते. चौकशीचा किंवा गाडी न अडवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. नावात 'इंटरनॅशनल' घालायला कुठल्या देशाची सही लागत नाही की.

निपाणीकर_अक्का
मास्तर, तुमच्या तिन्ही प्रश्नांत युनिसेफ नापास होते. तिचा वेगळा करार नाही, सभासद देश नाहीत. तरी ती सरकारी बाजूचीच ना?

चिकोडीचा_मास्तर
बरोबर पकडलंत, अक्का. युनिसेफ ही स्वतंत्र संघटना नाहीच, ती यूएनच्या घरातली खोली आहे. आमसभेने ११ डिसेंबर १९४६ च्या ठरावाने उघडली, आणि तिचं ३६ देशांचं कार्यकारी मंडळ आहे. यूएनडीपी, म्हणजे यूएनचा विकास कार्यक्रम, तशीच. ठरावाने उघडलेली गोष्ट ठरावाने बंद करता येते.

जागतिक आरोग्य संघटना किंवा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचं तसं नाही. त्यांना स्वतःची घटना, स्वतःची सभासद यादी, स्वतःची वर्गणी. सनदेच्या ५७ आणि ६३ कलमांप्रमाणे यूएनशी करार करून त्या 'विशेष संस्था' झाल्या. म्हणून एखादा देश आरोग्य संघटनेतून बाहेर पडला तरी यूएनमध्ये राहतो. घरातली खोली आणि शेजारचं घर हा फरक नोट्समध्ये सहसा नसतो.

खानापूर_रोड
विशेष संस्था पंधरा आहेत. जागतिक व्यापार संघटना, आरोग्य संघटना, कामगार संघटना, आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युनेस्को वगैरे.

चिकोडीचा_मास्तर
पंधरा बरोबर, पण पहिलंच नाव चुकलं. जागतिक व्यापार संघटना यूएनची विशेष संस्था नाही. १ जानेवारी १९९५ ला स्वतंत्र करारातून आली. अणुऊर्जा एजन्सीही त्या पंधरात नाही, तिचं यूएनशी नातं निराळं. जिनिव्हात आणि व्हिएन्नात शेजारी शेजारी इमारती आहेत म्हणून गोंधळ होतो.

आणखी एक बारकावा. व्यापार संघटनेत 'देश'च सभासद असतात असंही नाही. स्वतंत्र जकात क्षेत्र असलं की पुरतं. म्हणून हाँगकाँग, मकाव आणि 'चायनीज तैपेई' या नावाने तैवान तिथे बसतात, आणि युरोपीय संघ स्वतःच्या नावाने वेगळा बसतो. यूएनमध्ये यातलं काहीच चालत नाही, तिथे राष्ट्रच लागतं. एक अपवाद आपलाच: १९४५ च्या ५१ संस्थापक सभासदांत भारत आहे, स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी. फाळणीनंतर भारताचं सभासदत्व तसंच चालू राहिलं, पाकिस्तानला मात्र नव्याने अर्ज करावा लागला आणि ३० सप्टेंबर १९४७ ला प्रवेश मिळाला.

ऊस_आणि_एफआरपी
आमच्या पट्ट्यातलं एक कोडं घ्या. कारखान्याच्या गेटवर 'आयएसओ ९००१' लिहिलेलं असतं. आणि साखरेच्या जागतिक आकडेवारीच्या बातमीखाली 'आयएसओचा अंदाज' असं छापून येतं. दोन्ही आयएसओ एकच समजून लिहिलेलं बऱ्याचदा वाचायला मिळतं.

गेटवरची आयएसओ म्हणजे जिनिव्हातली मानकीकरणाची संघटना. तिचे सभासद देश नाहीत, देशोदेशीच्या मानक संस्था आहेत. भारतातून बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. बीआयएस सरकारी असली तरी काही देशांच्या मानक संस्था खासगी आहेत, म्हणून ही बिगरसरकारी. शिवाय ती स्वतः प्रमाणपत्र देत नाही. मानक ती लिहिते, तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या वेगळ्या.

बातमीतली आयएसओ म्हणजे लंडनमधली आंतरराष्ट्रीय साखर संघटना. ही अस्सल आंतरशासकीय. १९९२ चा साखर करार हा तिचा आजचा पाया, सरकारं सभासद, भारतही आहे. एकूण २,००० मतं सभासदांत वाटलेली असतात आणि वर्गणी मतांच्या प्रमाणात. जुन्या साखर करारांत निर्यातीचा कोटा ठरवून भाव सावरायची कलमं होती. १९९२ च्या करारात ती नाहीत. आता काम आकडेवारी, अभ्यास, चर्चा. म्हणजे 'साखर संघटनेने भाव पाडला' हे बोलणंच चुकीचं, तिच्या हातात ते हत्यार उरलेलं नाही.

जाता जाता, पोत्यातल्या साखरेचा रंग ज्या 'आयकुम्सा' आकड्यात मोजतात ती आयकुम्सा १८९७ ची, साखर तपासणीच्या पद्धती ठरवणारी आणि बिगरसरकारी. एका पोत्याभोवती तीन संघटना, त्यातली सरकारांची एकच.

टिळकवाडी_अभ्यासिका
हे झकास. आता प्रकार. जागतिक-प्रादेशिक, सर्वसाधारण-विशेष हे दोन भेद पाठ्यपुस्तकात असतात. आणखी?

चिकोडीचा_मास्तर
ते दोन चौकोनात मांडा, पटकन उरकतं. जागतिक आणि सर्वसाधारण: यूएन. जागतिक पण एकाच कामाची: टपाल, हवामान, आरोग्य. प्रादेशिक आणि सर्वसाधारण: आफ्रिकी संघ. प्रादेशिक आणि एकाच कामाची: मेकाँग नदी आयोग, १९९५, चार देश. ओपेक, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना, यात नीट बसत नाही, कारण तिथे प्रदेश नव्हे तर तेल हा दुवा आहे.

माझ्या मते मात्र खरा भेद दिसतो तो मताच्या पेटीत. ठराव कसा होतो आणि ज्याला तो नको आहे त्याचं काय होतं, हे बघा. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यात शेअर किती का असेनात, सभासदाला मत एकच. खासगी कारखान्यात जेवढे शेअर तेवढी मतं. आमसभा पहिल्या जातीची, आयएमएफ दुसऱ्या.

आमसभेत १९३ देश, प्रत्येकाला एक मत, महत्त्वाच्या विषयाला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. पण बजेट, प्रवेश अशा घरगुती बाबी सोडल्या तर तिचा ठराव म्हणजे शिफारस. सुरक्षा परिषदेत पंधरापैकी नऊ मतं लागतात आणि पाच कायम सभासदांपैकी एकाचंही विरोधी मत चालत नाही. पण तिथे झालेला निर्णय २५ व्या कलमाप्रमाणे सगळ्यांवर बंधनकारक. गैरहजेरी किंवा तटस्थता म्हणजे नकाराधिकार नव्हे, इथे उत्तरपत्रिकेत हमखास मार्क जातात.

आयएमएफमध्ये मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत. वजाबाकी करा, नकाराधिकार हा शब्द न लिहिता तो दिलेला आहे.

सार्कच्या सनदेच्या १० व्या कलमात दोन ओळी आहेत: सगळे निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय व वादाचे विषय चर्चेतून बाहेर. शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली, २०१६ ची इस्लामाबादची होऊ शकली नाही. एकमताचं कलम असलं की एकाची गैरहजेरीही पुरते.

युरोपीय संघ उलट्या टोकाला. तिथे बऱ्याच विषयांत २७ पैकी किमान १५ देश आणि लोकसंख्येच्या ६५ टक्के जमले की नियम पास, विरोध करणाऱ्या देशातही तो थेट लागू. याला अधिराष्ट्रीय म्हणतात. बाकी बहुतेक संघटनांत देश स्वतः हो म्हणेपर्यंत त्याच्यावर काही येत नाही.

निपाणीकर_अक्का
कामगार संघटनेचं राहिलं. १९१९ ची, आणि परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. प्रत्येकाचं मत स्वतंत्र. म्हणजे भारताची चार मतं दोन बाजूंना पडू शकतात. 'आंतरशासकीय म्हणजे फक्त सरकार' या व्याख्येला छेद देणारं जुनं उदाहरण हेच.

ऊस_आणि_एफआरपी
मताच्या पेटीवरून आठवलं, व्यापार संघटनेत आपल्या उसाचंच प्रकरण अडकलेलं आहे आणि त्यात संघटनेचा स्वभाव पूर्ण दिसतो.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने तक्रार केली की भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो. मर्यादा म्हणजे उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या १० टक्के. भारताचं म्हणणं, एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, मग हा सरकारी आधार कसा? डिसेंबर २०२१ च्या अहवालात तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलने ते मान्य केलं नाही. भाव सरकारने बांधून दिला की पैसे कुणीही देवो, तो बाजारभावाचा आधारच, असा अर्थ लावला आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचं सांगितलं.

आता यंत्र कुठे अडलं ते बघा. पॅनेलचा अहवाल मंजूर व्हायला एकमत लागत नाही. नामंजूर करायचा असेल तर एकमत लागतं, म्हणजे जिंकलेल्या देशानेही नको म्हटलं पाहिजे. ते कोण करतो? म्हणून अहवाल आपोआप मंजूर होतो. फक्त अपील केलं तर थांबतो. अपील ऐकणाऱ्या मंडळात सात जागा आणि एका अपिलाला तिघे लागतात. पण त्यांच्या नेमणुकीला मात्र सरळ एकमत हवं. अमेरिकेने नेमणुका रोखल्या, डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला आणि ३० नोव्हेंबर २०२० ला त्याचीही मुदत संपली. भारताने अपील केलं ते या रिकाम्या खुर्च्यांपुढे. निकाल आहे, अपील आहे, ऐकणारं कुणी नाही, म्हणून निकाल बंधनकारक झालेला नाही.

एकाच संघटनेत एका दाराला उलटं एकमत आणि दुसऱ्याला सुलटं. मोडली ती दुसऱ्या दाराशी.

निपाणीकर_अक्का
आमच्याकडच्या तंबाखूचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. आरोग्य संघटनेत २००३ ला तंबाखू नियंत्रणाचा करार झाला, २७ फेब्रुवारी २००५ ला अमलात आला. त्यात पाकिटावरच्या इशाऱ्याबद्दल असं आहे की तो दर्शनी भागाच्या ५० टक्के किंवा जास्त असावा, ३० टक्क्यांपेक्षा कमी नसावा. भारतात तो ८५ टक्के आहे. लोक म्हणतात डब्ल्यूएचओने लादलं. ८५ चा आकडा भारत सरकारच्या नियमातला, करार फक्त खालची रेघ मारतो.

चिकोडीचा_मास्तर
याच्या मागचं कलमही टिपून ठेवा: राज्यघटनेचं २५३. करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेतला, संस्थेतला निर्णय अमलात आणायला संसद कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरी. करार झाला म्हणून कोर्टात तो आपोआप कायदा होत नाही, कायदा करावा लागतो. संघटनेचा निर्णय जिनिव्हातून बेळगावात यायचा रस्ता दिल्लीवरूनच जातो.

मार्कंडेय_काठ
मग सीमाप्रश्न यूएनकडे किंवा हेगच्या कोर्टात का नाही नेता येत? दर निवडणुकीला कुणीतरी बोलतंच.

चिकोडीचा_मास्तर
आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं ३४ वं कलम: पक्षकार फक्त राष्ट्रं. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही त्या अर्थाने राष्ट्रं नव्हेत. आपल्या भाषेत दोन्हींना 'राज्य'च म्हणतात, घोळ तिथे होतो. शिवाय सनदेचं २(७): देशांतर्गत बाबीत यूएनने पडायचं नाही. दोन घटकराज्यांच्या वादाला आपल्या घटनेत १३१ वं कलम आहे आणि महाराष्ट्राने २००४ साली त्याखालीच सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

धागा_राखणदार
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथे एवढंच पुरे.

खानापूर_रोड
'कायदेशीर ओळख' म्हणालात ती नेमकी कुठून आली? सनदेत तर तसा शब्द नाही.

चिकोडीचा_मास्तर
चांगला प्रश्न. १७ सप्टेंबर १९४८ ला यूएनचे स्वीडिश मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. नुकसानभरपाई मागायची तर कुणी? स्वीडनने, की यूएनने स्वतः? आमसभेने न्यायालयाला सल्ला विचारला. ११ एप्रिल १९४९ ला उत्तर आलं: यूएनला स्वतःचं आंतरराष्ट्रीय व्यक्तित्व आहे, कारण सोपवलेली कामं त्याशिवाय होणारच नाहीत, आणि ती दावा करू शकते. सनदेत न लिहिलेले पण कामाला लागणारे अधिकार मानायची वाट या मतानेच रुंद केली.

त्या वाटेला कुंपणही आहे. अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे का, असं आरोग्य संघटनेने विचारलं तेव्हा १९९६ मध्ये न्यायालयाने ११ विरुद्ध ३ मतांनी उत्तर द्यायला नकार दिला. अण्वस्त्राने आरोग्य बिघडतं हे खरं, पण ते कायदेशीर आहे की नाही हे ठरवणं तुमच्या कामात येत नाही. संघटनेला देशासारखा सर्वांगीण अधिकार नसतो, जेवढं काम नेमून दिलं तेवढाच.

खानापूर_रोड
आणि इंटरपोल? यादीत होता, कुणी बोललंच नाही.

चिकोडीचा_मास्तर
तो आडवा येतो म्हणून मागे ठेवला. १९५६ ची घटना पोलिस प्रतिनिधींनी मंजूर केली, करार म्हणून देशांच्या मंजुरीला गेली नाही. पहिल्या प्रश्नात नापास. तरी १९६ देश सभासद आहेत, फ्रान्सशी मुख्यालयाचा करार आहे, आणि व्यवहारात आज आंतरशासकीयच मानतात. त्याला अटक करणारे पोलिस नाहीत. रेड नोटीस म्हणजे हवा असलेला माणूस शोधून ताब्यात घ्या अशी विनंती, वॉरंट नव्हे; पकडायचं की नाही हे त्या त्या देशाच्या कायद्यावर. भारतातून पत्रव्यवहार सीबीआयमार्फत होतो.

सांबरा_रनवे
पुस्तकाबाहेरची परीक्षा घ्यायची तर बेळगावच्या सांबरा विमानतळाला दोन कोड आहेत. तिकिटावर छापतात तो तीन अक्षरी 'आयएक्सजी' आयएटीएचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघाचा, बिगरसरकारी. वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी कोड आयसीएओच्या पद्धतीचा, ती १९४४ च्या शिकागो करारातली नागरी विमान वाहतुकीची आंतरशासकीय संघटना.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खणांच्या, रिकाम्या जागी बाणाच्या टोकासारखी खूण. ती मांडणी आयसीएओच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजातली. आयसीएओची मानकं पाळायची असतात, पण ज्या देशाला एखादं जमत नाही त्याने ३८ व्या कलमाखाली 'आमचं वेगळं आहे' असं कळवायचं असतं. बंधन आहे आणि सुटकेची खिडकीही. मास्तरांच्या मतपेटीत ही जात राहिली होती.

ऊस_आणि_एफआरपी
मोबाईलचंही तसंच. +९१ हा आकडा आयटीयूचा, म्हणजे दूरसंचार संघाचा, १८६५ ला तारेसाठी निघालेली संघटना. पण त्याच मोबाईलचा आयएमईआय नंबर जीएसएमए या कंपन्यांच्या संघाच्या व्यवस्थेतून येतो.

निपाणीकर_अक्का
टपाल संघटना १८७४ ची, तिचं काम पोस्टाच्या काउंटरवर हाताने तपासता येतं. परदेशी पार्सलवर कस्टम्सचं लेबल लावतात, ३०० एसडीआरपर्यंत सीएन-२२, त्यापुढे सीएन-२३. एसडीआर हे आयएमएफचं हिशेबाचं एकक, म्हणजे एका संघटनेच्या फॉर्मवर दुसरीचं माप.

टिळकवाडी_अभ्यासिका
अक्का, ट्रॅकिंग नंबरही त्यांच्याच नियमातला ना? मुलांना वर्गात करून दाखवता येईल असं काही सांगा.

निपाणीकर_अक्का
हो, तेरा खणांचा. आधी दोन अक्षरं: 'ई'ने सुरू झालं तर ईएमएस म्हणजे स्पीड पोस्ट, 'आर'ने रजिस्टर, 'सी'ने पार्सल. मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपलं 'आयएन'. नऊतला शेवटचा आकडा पडताळ्याचा. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० लिहायचा, ११ आलं तर ५.

१२३४५६७८ घ्या: ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. अकराने भागून बाकी ६. अकरातून सहा गेले, पाच. म्हणजे नंबर १२३४५६७८५. मुलांना एक आकडा मुद्दाम चुकवून पुन्हा करायला सांगा, पडताळा बहुतेक वेळा लगेच फसेल.